कबड्डीत पोरांना एकावन्न हजार, पोरींना कुकर

गिरणाकाठची (धागा सुरू)

कापूस घरात आला, हरभरा पेरून झाला की आपल्याकडे सामन्यांचा मोसम सुरू होतो. मागच्या शनिवार-रविवारी आमच्या तालुक्यातही कबड्डी झाली. गावाचं आणि मंडळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हे एकट्या त्यांचं गाऱ्हाणं नाही, चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत कुठलंही पत्रक उघडून बघा. मॅट होती, फ्लडलाइट होते, डीजे तर होताच. पत्रकावर वरच्या अर्ध्या भागात नेते, जिनिंगवाले शेठ, केळीचे व्यापारी यांचे फोटो, आणि खाली बक्षिसं.

पुरुष गट: प्रथम ५१,०००, द्वितीय ३१,०००, तृतीय २१,०००. उत्कृष्ट चढाईपटूला सायकल.
महिला गट: प्रथम ११,०००, द्वितीय ७,०००. शिवाय 'विजेत्या संघातील प्रत्येक खेळाडूस आकर्षक भेटवस्तू'.

आकर्षक भेटवस्तू म्हणजे तीन लिटरचा प्रेशर कुकर. माझी भाची डाव्या कोपऱ्याला खेळते, अकरावी सायन्सला आहे. अंतिम सामन्यात तिनं घोटे धरून चार पकडी केल्या, ढोपरं सोलून निघाली. कुकर घेऊन घरी आली तर आजी म्हणते, "चला, लग्नातली एक वस्तू झाली." पोरगी म्हणाली, "आजी, पोरांना का नाही दिला? ते जेवत नाहीत का?"

बक्षीस समारंभात पाहुण्यांनी भाषण केलं की आमच्या भगिनी घरकाम सांभाळून खेळतात, कौतुक आहे. भगिनी सोळा-सतरा वर्षांच्या. पुरुषांच्या विजेत्या संघातला कोणी घरकाम सांभाळून खेळतो का, हे काही सांगितलं नाही त्यांनी.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरमनप्रीतच्या संघानं नवी मुंबईत क्रिकेटचा विश्वचषक उचलला तेव्हा याच चौकात याच मंडळानं फटाके फोडले होते. क्रिकेट बोर्डानं ऑक्टोबर २०२२ मध्येच मॅच फी सारखी केली: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६, टी-ट्वेंटीला ३. बाई असो की पुरुष. मग गावच्या मैदानावर हे का होत नाही? मंडळातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, ताई, बायकांची कबड्डी बघायला येतं कोण?

तुमच्याकडे काय चालतं, लिहा.

---

शेवभाजी_जास्त_तर्री

ताई, कुकरचा प्रकार वाईटच. पण पैशाचं म्हणाल तर राग बाजूला ठेवून बघा. पैसा बघणाऱ्याच्या मागे जातो. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. महिला लीगचे पाच वर्षांचे ९५१ कोटींना. पन्नास पटीचा फरक आहे. म्हणून लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी लागले आणि स्मृती मानधनाला ३.४० कोटी. त्यात कोणी कोणावर अन्याय केला? केळीला भाव नसला तर व्यापाऱ्याला शिव्या देऊन भाव वाढतो का?

आणि मॅच फी सारखी झाली हे अर्धंच चित्र. त्याच बोर्डाच्या वार्षिक करारात तेव्हा पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटींची आणि बायकांची ५० लाखांची होती. बोर्डालाही गणित कळतं.

---

पीटीमास्तर_निवृत्त

तर्रीभाऊ, हे आयपीएलचं गणित इथे लागूच होत नाही. गिरणाकाठच्या ताईंच्या गावात तिकीट होतं का? टीव्हीवर दाखवलं का? नाही ना. मग 'बघणारे' आणि 'बक्षीस' यांचा संबंध आला कुठून? पुरुषांचा सामना पाच हजार लोकांनी बघितला काय नि पन्नासांनी, मंडळाच्या गल्ल्यात एक रुपया पडत नाही. सगळा पैसा देणगीचा आणि वर्गणीचा. तो कसा वाटायचा हे चार माणसं टपरीवर चहा पिताना ठरवतात. तिथे बाजारभाव कसला?

मी बत्तीस वर्षं पोरं-पोरी मैदानावर आणल्या. आयोजकांचं कोष्टक मला पाठ आहे. आधी पुरुषांचा आकडा ठरतो, मग उरलेल्यात महिला गट, आणि तेही 'घ्यावा लागतो' म्हणून. भेटवस्तूंत कुकर, जेवणाचे डबे, साड्या. नववीतल्या मुलींना साड्या वाटलेल्या मी पाहिल्यात. ट्रॅकसूट द्या म्हटलं की महाग पडतो म्हणतात.

---

भुसावळ_जंक्शन

मास्तरांना अनुमोदन. आमच्या रेल्वेचं उदाहरण देतो. महिला क्रिकेटला बोर्डानं २००६ साली पदरात घेतलं. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं या बायकांचं पोट रेल्वेच्या नोकरीवर चाललं. मिताली राज रेल्वेची, हरमनप्रीतही आधी पश्चिम रेल्वेत होती. देशांतर्गत स्पर्धांत रेल्वेच्या महिला संघाचा इतका दबदबा का, तर खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पगार मिळायचा. तो वेतनश्रेणीप्रमाणे. क्लार्कच्या जागेवरच्या क्रिकेटवाल्या बाईला 'तुझी मॅच कोणी बघत नाही' म्हणून कमी पगार दिला नाही कोणी.

त्याच मितालीनं सांगितलंय की २००५ च्या विश्वचषकात संघ उपविजेता ठरला तेव्हा सामन्याला हजार रुपये मिळाले होते. २००५ ची गोष्ट आहे ही, १९६५ ची नव्हे.

---

कापूसकोंड्या

सगळे भावनेत वाहून चाललेत. मी सरळ विचारतो. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, बायकांचं १२ बाय ८. टेनिसमध्ये ग्रँड स्लॅमला पुरुष पाच सेटचा सामना खेळतात, बायका तीनचा. मेहनत कमी, दाम सारखा, ही कुठली समानता?

---

खाकी_२०२६

कापूसकोंड्या दादा, मी पोलीस भरतीची तयारी करतेय, धुळ्यात. मैदानीत मुलांना १६०० मीटर, आम्हाला ८०० मीटर. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, आम्हाला ४ किलोचा. भरती झाल्यावर पगार किती? सारखा. बंदोबस्त? दोघांनाही. गणपती बंदोबस्तात कोणी म्हणत नाही की तू ८०० मीटरवाली, तू अर्धा वेळ उभी राहा.

आणि पळून बघा एकदा ८०० मीटर, वेळ लावून. मग मेहनतीवर बोलू.

---

नाशिकला_स्थायिक

खाकीताई _/\_

टेनिसचं निघालंच आहे तर सांगतो. १९७२ ला अमेरिकन ओपन जिंकल्यावर बिली जीन किंगला १०,००० डॉलर मिळाले, आणि पुरुषांच्या विजेत्याला, इली नास्तासेला, २५,०००. ती म्हणाली, असंच असेल तर पुढच्या वर्षी आम्ही येत नाही. १९७३ पासून तिथे रक्कम सारखी झाली. विम्बल्डनला तेच करायला २००७ उजाडलं. चौतीस वर्षं. त्या मधल्या काळात स्टेफी होती, मार्टिना होती, बघणाऱ्यांची वाण नव्हती. तरी आदल्या वर्षापर्यंत फेडररला ६,५५,००० पौंड आणि मोरेस्मोला ६,२५,०००. तीस हजार पौंडानं विम्बल्डनला काय फरक पडणार होता? रीत म्हणून ठेवलेला फरक तो.

आणि 'बघायला येतं कोण' यावर एक गोष्ट. १९२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांच्या फुटबॉल सामन्याला ५३,००० लोक आले होते. कारखान्यातल्या बायकांचा संघ होता, डिक केर लेडीज. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आमच्या मैदानांवर खेळू देऊ नका. ती बंदी उठायला १९७१ आलं. आधी पन्नास वर्षं मैदान द्यायचं नाही, आणि मग विचारायचं, तुमचे प्रेक्षक कुठे आहेत?

---

शेवभाजी_जास्त_तर्री

इंग्लंडचं माहीत नव्हतं. पण आपल्याकडे बंदी वगैरे कोणी घातली नाही ना? तरी प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली आणि बघता बघता घराघरात पोचली. बायकांचं २०१६ ला करून बघितलं, तीन संघ होते. एका मोसमात गुंडाळलं. लोकांनीच बघितलं नाही.

---

पीटीमास्तर_निवृत्त

एक मोसम! भाऊ, लिंबाचं झाड लावून पहिल्या वर्षी फळ नाही म्हणून उपटतो का कोणी? पुरुषांचे आठ संघ शहरांच्या नावानं उभे केले, त्यांना मालक दिले, गाणी दिली. बायकांच्या तीन संघांना शहर नव्हतं की मालक नव्हता. फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स अशी नावं. जळगावच्या माणसानं आइस दिवाजला का म्हणून आपलं म्हणावं? आणि पुरुषांच्या लिलावात २०२३ ला एकट्या पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. आपल्या पोरींनी २०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्यात कबड्डीचा विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात चायनीज तैपेईला हरवून. या धाग्यावर किती जणांना माहीत होतं, खरं सांगा.

---

कापूसकोंड्या

मला नव्हतं माहीत.

---

चौसष्ट_घरं

ताकदीचा मुद्दा निघाला म्हणून बुद्धिबळाचं लिहितो. तिथे ना मैदान लहान, ना वजन हलकं, पट तोच नि घड्याळही तेच. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला, बक्षीस ५०,००० डॉलर. नोव्हेंबरात गोव्यात खुला विश्वचषक झाला, त्याच्या विजेत्याला १,२०,०००.

आता गोची अशी की खुल्या स्पर्धेत बायकांना बंदी नाही, खेळा म्हणतात. पण वरच्या पटावर बायका कमी, कारण खाली मुलीच कमी. मी जळगावात लहान मुलांना शिकवतो. सात-आठ वर्षांपर्यंत मुली बरोबरीनं येतात. पाचवी-सहावीनंतर एकेक गळायला लागते. क्लास संध्याकाळी सातला सुटतो, म्हणून. भावाला आणायला जायला घरातलं कोणीतरी निघतं, मुलीचा मात्र क्लासच बंद होतो. त्यामुळे बक्षीस सारखं केलं की सगळं सुटेल असं मला वाटत नाही. पण रक्कम बघून बाप विचार बदलतो हेही पाहिलंय.

---

नंदुरबारची_माय

मास्तर, तुम्हनं बरोबर शे. पन मन्हं बी आयका.

माझी पोरगी खो-खो खेळते. राज्य पातळीपर्यंत गेली. (मराठीतच लिहिते, नाहीतर पुण्याच्या मंडळींना समजायचं नाही.) पोरांचा संघ एसटीनं जातो, रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपतो, पहाटे सुटतो. पोरींचा संघ निघाला की क्रूझर करावी लागते. सोबत एक बाई पाहिजे, ती बाई मीच. तिचं, म्हणजे माझं, त्या दिवसाचं काम बुडतं. तिथे कपडे बदलायला खोली नसते. मैदानाच्या कडेला दोघी ओढणी धरून उभ्या राहतात, मग एकेक पोरगी बदलते. पाळीच्या दिवसात तर पाणी पिणंच बंद करतात पोरी, कारण जायला जागा नसते. पाणी न पिता दुपारच्या उन्हात खो-खो.

म्हणजे बक्षीस एक पंचमांश आणि खर्च दुप्पट. अकरा हजारांत क्रूझरचं भाडं गेलं की बारा पोरींच्या वाट्याला काय येतं, तुम्हीच भागाकार करा. लोके म्हनतस, पोरले खेळू द्या. पन गाडीनं भाडं कोन देई?

हाफ पँटवरून जे बोलणं ऐकलं ते लिहीत नाही. सासरे वर्षभर बोलले नाहीत माझ्याशी. आता पेपरात फोटो आला तर तोच कात्रण काढून खिशात ठेवतात.

---

भुसावळ_जंक्शन

माय, दंडवत.

कपड्यांचं असं आहे की दोन्हीकडून कात्री. इथे म्हणतात झाका. तिकडे २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या बायकांनी बिकिनीऐवजी साधी शॉर्ट घातली म्हणून त्यांना १५०० युरो दंड केला होता. विम्बल्डननंही पांढऱ्याखाली गडद शॉर्ट घालायची परवानगी दिली ती थेट २०२३ ला. पोरीला काय सोयीचं, हे सोडून बाकी सगळं विचारात घेतात.

---

मंडळवाला

धागा तीन दिवसांपासून वाचतोय. मी अशाच एका मंडळाचा खजिनदार. ताईंच्या तालुक्यातला नाही, पण आमचं पत्रकही तसंच असतं. शिव्या नंतर द्या, हिशेब आधी ऐका.

देणगीदार पैसे मंडळाला देत नाही, बक्षिसाला देतो. 'प्रथम पारितोषिक कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं छापून पाहिजे असतं. ते पुरुष गटालाच पाहिजे, कारण तो समारंभ रात्री नऊला, आमदारांच्या हस्ते, ड्रोन फिरत असताना. महिला गटाला नाव लावा म्हटलं की म्हणतात, बघू पुढच्या वर्षी. कुकर आम्ही विकत घेत नाही. भांड्यांच्या दुकानदाराची ती देणगी असते. त्याच्याकडे ट्रॅकसूट नसतात हो.

संघांचं म्हणाल तर गेल्या खेपेला पुरुषांचे २८ आले, महिलांचे ६. सहा संघांना अठ्ठावीस संघांएवढं बक्षीस दिलं तर पोरं मंडप पाडतील. प्रवेश फी पुरुषांकडून घेतो, महिलांकडून घेतच नाही, हेही कोणीतरी लिहा की.

---

गिरणाकाठची

दादा, समोर येऊन लिहिलंत हे बरं केलं. प्रवेश फीचा मुद्दा रास्त आहे. एकच विचारते, तुमच्याकडे महिलांचा अंतिम सामना किती वाजता असतो?

---

मंडळवाला

दुपारी दोन-अडीचला. त्यांना अंधार पडायच्या आत घरी जायचं असतं.

---

गिरणाकाठची

आमच्याकडेही अडीचलाच होता. मॅट तापली होती, पोरी बोटांवर उभ्या राहून चढाईची वाट बघत होत्या. मैदानात कोण होतं, तर पंच, आम्ही दहा-बारा नातेवाईक आणि खुर्च्या मांडणारी दोन पोरं. गाव दुपारी शेतात असतं, नाहीतर झोपलेलं. रात्री आठला तेच गाव भिंतीवर चढून बसलं होतं. महिलांचा सामना पुरुषांच्या उपांत्य आणि अंतिम फेरीच्या मध्ये लावा, मग बघू कोण उठून जातंय. तुमच्या शेठजींनाही त्या वेळी ड्रोन मिळेल.

---

नंदुरबारची_माय

रात्री ठेवा पण मुक्कामाची सोय करा. शाळेची एक खोली, कडी लागणारी. आणि तुमच्या गावातल्या दोन बाया सोबतीला. दीड तासाची वाट, रात्री अकराला क्रूझर निघाली तर मी काय, कोणतीच आई पाठवायची नाही.

---

तापीचं_पाणी

मला वाटतं पोरींनीच एकदा 'येत नाही' म्हणावं. दीपिका पल्लीकलनं स्क्वॉशमध्ये तेच केलं. राष्ट्रीय स्पर्धेत बायकांना कमी बक्षीस म्हणून चार वर्षं खेळली नाही. २०१६ ला रक्कम सारखी केली तेव्हा आली, आणि जिंकून गेली.

---

खाकी_२०२६

दीपिका जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत पोचलेली खेळाडू. ती आली नाही तर पेपरात बातमी होते. माझ्या गावचा संघ आला नाही तर मंडळ म्हणेल, बरं झालं, अकरा हजार वाचले. आम्हाला वर्षातून चार-पाच सामने मिळतात मुळात. तेही सोडायचे?

बहिष्कार टाकायचाच तर पुरुष संघांनी टाकावा. दोन चांगले संघ म्हणाले ना की मुलींची रक्कम वाढवा नाहीतर आम्ही येत नाही, तर संध्याकाळपर्यंत पत्रक बदलेल.

---

कापूसकोंड्या

हे मात्र पटलं नाही. पोरं स्वतःच्या पोटावर पाय का देतील? त्यांनाही कोणी पगार देत नाही. शेतात मजुरी करून रात्री सराव करतात. त्यांचं बक्षीस कापून इकडे देणं म्हणजे एका गरिबाचं काढून दुसऱ्या गरिबाला.

---

पीटीमास्तर_निवृत्त

कापूसकोंड्या, आज पहिल्यांदा नेमकं बोललास. खेळाडूंच्या खिशातून नको. महाराष्ट्र केसरीचंच बघ. १९६१ पासूनची स्पर्धा, महिलांची पहिली झाली २०२३ मध्ये, सांगलीत. प्रतीक्षा बागडी जिंकली, चांदीची गदा मिळाली. त्याच वर्षी पुरुषांच्या विजेत्याला, शिवराज राक्षेला, गदेबरोबर थार गाडी होती. शिवराजची थार काढून घ्या असं कोणीच म्हणत नाही. दुसरी थार आणायला पुरस्कर्ता शोधा, एवढंच. बोर्डानंही मॅच फी सारखी करताना विराटची कापली नव्हती.

---

शेवभाजी_जास्त_तर्री

ठीक आहे, गावच्या पातळीवर बाजाराचा मुद्दा मी सोडला. आयपीएलवर माझं मत तेच आहे, तिथे खरंच तिकीट विकलं जातं. पण महिला लीगला पंधरा वर्षं उशीर झाला हेही खरं. पंधरा वर्षांनी बोलू.

मंडळवाले, मग पुढच्या मोसमाचं काय ते सांगा. माझ्या दुकानातर्फे महिला गटाच्या तृतीय बक्षिसाला पाच हजार लिहून घ्या. तुमच्या पत्रकात तिसरं बक्षीसच नाही पोरींना.

---

मंडळवाला

पावती पाठवतो. काल बैठकीत विषय काढला. मुक्कामाच्या खोलीला मुख्याध्यापक तयार आहेत, सोबतीला बचत गटाच्या दोन ताया येतील. अंतिम सामना रात्री आठला, हेही ठरल्यासारखं आहे.

पैशावर अडलंय. आहे तेच पैसे दोन्ही गटांत सारखे वाटले तर पुरुषांचं पहिलं बक्षीस ५१ वरून ३०-३१ वर येतंय. ते कळल्यावर दोन संघांचे फोन आले, आम्ही येणार नाही. शेठजींना भेटलो. वडिलांच्या नावाचं बक्षीस पुरुष गटालाच पाहिजे म्हणाले. मी म्हटलं, मग आईच्या नावानं महिला गटाला द्या. आईचं नाव काढल्यावर जरा गप्प झाले, म्हणाले आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) सांगतो.

---

गिरणाकाठची

डीजेचं बिल किती होतं?

---

मंडळवाला

बावीस हजार. पण ताई, डीजेवाला अध्यक्षांचा मेहुणा आहे.